अंदाजपत्रकातील पुसलेली ओळ : कलाप्रकल्पांना अर्थसाहाय्य देणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
कलाप्रकल्पांना अर्थसाहाय्य देणाऱ्या संस्थांचे व न्यासांचे विश्वस्त, शासकीय कलाविभागांचे अधिकारी आणि निवड समित्यांचे सर्व सदस्य यांस,

स.न.वि.वि.

अर्जाची मुदत संपायला दोन तास उरले असताना मी एका तरुण शिल्पकार मुलीच्या शेजारी बसले होते. हिशेबावरून एकदा नजर फिरवा, म्हणून तिने मला बोलावले होते. संगणकावर अंदाजपत्रकाचा तक्ता उघडा होता : माती आणि प्लास्टर, साच्यांसाठी रबर, ओतकामाची मजुरी, भट्टीचे भाडे, वाहतूक, मांडणीसाठी दोन मदतनीस, छायाचित्रण, विमा. अगदी शेवटी ‘कलाकाराचे मानधन, सहा महिने’ अशी ओळ होती आणि तिच्यासमोर एक आकडा होता. तो इतका लहान होता की त्यात सहा महिन्यांचे घरभाडेही निघाले नसते. एवढे असूनही एकूण बेरीज संस्थेने घालून दिलेल्या मर्यादेच्या किंचित वर जात होती. तिने सगळा तक्ता वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. ओतकाम करणारा कारागीर पैसे कमी करणार नव्हता, भट्टीचा मालक करणार नव्हता, विमा कंपनी तर नाहीच नाही. मग तिने ती शेवटची ओळ पुसून टाकली आणि बेरीज मर्यादेत बसली. तिने मला काही विचारले नाही, आणि विचारण्यासारखे काही उरलेही नव्हते, कारण त्या तक्त्यात असा एकच माणूस होता की ज्याचे पैसे कापताना कोणाचीही संमती घ्यावी लागत नव्हती.

हे पत्र त्या पुसलेल्या ओळीविषयी आहे. उमेदवारीच्या काळातील कलाकारांना आपण काय द्यावे, कसे द्यावे, कोणाला द्यावे याबद्दल माझ्याकडे सांगण्यासारखे बरेच आहे, आणि त्यातील थोडे पुढे येईलही. पण माझी मुख्य विनंती त्या एका ओळीपुरती आहे, आणि बाकीचे सगळे तिच्याशीच येऊन मिळते.

मी नाटके दिग्दर्शित करते. गेल्या वीस वर्षांत मला काही अनुदाने मिळाली, त्याहून किती तरी अधिक नाकारली गेली, आणि मधल्या काळात दोन वेळा मी एका संस्थेच्या निवड समितीवरही बसले. त्यामुळे टेबलाच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. समितीतील एक दुपार मी विसरू शकलेले नाही. शेवटच्या फेरीत दोन अर्ज जवळजवळ सारख्याच तोलाचे होते. एका अर्जदाराने स्वतःच्या सहा महिन्यांच्या कामाचे मानधन मागितले होते, दुसऱ्याने स्वतःसाठी काहीच मागितले नव्हते. एक सदस्य दुसऱ्या अर्जाकडे बोट दाखवून म्हणाले, ‘याला कामाची खरी ओढ दिसते, याने स्वतःसाठी एक पैसा ठेवलेला नाही.’ सगळ्यांनी माना हलवल्या, मीही हलवली. दुसऱ्या अर्जाला पूर्ण रक्कम मिळाली आणि पहिल्याला ‘मानधनाचा भाग वगळून’ असा शेरा मारून मंजुरी दिली गेली. त्या शेऱ्याखाली माझी सही आहे. पहिल्या अर्जदाराने तो प्रकल्प अखेर केलाच नाही, हे मला वर्षभराने कळले. त्याला नोकरी धरावी लागली होती.

आम्ही वाईट माणसे नव्हतो. ज्या खर्चाची पावती असते तोच खरा खर्च, अशी आमची नकळत समजूत झाली होती. प्लास्टरची पावती असते, वाहतुकीची असते, सभागृहाची असते. पण आठ वेळा मोडून नवव्यांदा उभ्या राहिलेल्या मातीच्या नमुन्यामागे गेलेल्या दिवसांची पावती कोणीच देत नाही, तशी एखाद्या प्रवेशाची अखेर सापडेपर्यंत घेतलेल्या अकरा तालमींचीही देत नाही. कलेत सर्वांत जास्त खर्च होतो तो वेळ, आणि आपल्या तक्त्यांमध्ये नेमकी त्यालाच जागा नसते. नाट्यसंहितेचा पहिला खर्डा लिहायला चार महिने लागतात आणि त्या चार महिन्यांत वहीपलीकडे काहीही खरेदी होत नाही. मग अर्जात त्या काळाचा खर्च शून्य दिसतो, आणि पुढे नेपथ्याच्या लाकडाला मात्र भली मोठी रक्कम मिळते.

या वेळेचे अर्थशास्त्र नवे नाही. विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये प्रयोगात्म कलांच्या आर्थिक अडचणीचे मूळ दाखवून दिले होते. कारखान्यात यंत्रे सुधारतात, त्याच माणसाच्या हातून तासाला अधिक माल निघतो आणि त्या बळावर वेतने वाढतात. मात्र चार वादकांसाठी लिहिलेली रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जितकी माणसे आणि जितकी मिनिटे लागत, तितकीच आजही लागतात. वादकाला इतरांसारखे जगायचे तर त्याचे वेतनही इतरांबरोबर वाढायला हवे, त्यामुळे कलेचा खर्च बाकीच्या वस्तूंच्या तुलनेत सतत चढत राहतो. या विवेचनाचा आधार घेऊन अनेक देशांमध्ये कलेच्या सार्वजनिक साहाय्याची बाजू मांडली गेली, आणि ती योग्यच होती. पण त्याचा गाभा माणसाच्या वेळेची किंमत हा होता, आणि साहाय्याचे नियम करताना आपण नेमकी तीच बाहेर ठेवली.

मानधन न देणाऱ्या अनुदानातही कोणी तरी तो वेळ विकत घेतलेला असतोच. कधी आईवडिलांनी, कधी कमावत्या जोडीदाराने, कधी रात्रपाळीच्या नोकरीने. ज्याच्यामागे यांपैकी कोणीच नाही तो अर्जच करत नाही, किंवा करतो आणि मध्येच सोडतो. म्हणजे ‘फक्त प्रकल्पखर्च मिळेल’ हा वरवर साधा, काटकसरीचा वाटणारा नियम प्रत्यक्षात पहिली चाळणी लावतो, आणि ती गुणवत्तेची नसून घरच्या ऐपतीची असते. समितीसमोर अर्ज येतात तेव्हा ही चाळणी लागून गेलेली असते, त्यामुळे कोण गळले हे सदस्यांना दिसतच नाही. आम्हालाही दिसले नव्हते. आम्ही आलेल्या अर्जांमधून उत्तम ते मनापासून निवडत होतो.

हीच चाळणी आपण आणखी दोन-तीन ठिकाणी लावून ठेवली आहे. ‘आधी खर्च करा, पावत्या सादर करा, मग परतावा मिळेल’ या अटीचा अर्थ असा की ज्याच्या खात्यात ती रक्कम आधीच आहे त्यालाच ती मिळू शकते. ‘निम्मा निधी इतरत्र उभारा’ ही अट प्रस्थापित मंडळींसाठी शिस्तीची असेल, नवख्यासाठी ती बंद दार असते. आणि अंतिम अहवाल मंजूर होईपर्यंत शेवटचा हप्ता अडकवून ठेवण्याच्या रिवाजाने माझ्या ओळखीतील एका छायाचित्रकाराला आपला कॅमेरा विकावा लागला. प्रदर्शन झाले, लोकांनी वाखाणले, अहवाल वेळेत गेला. हप्ता यायला मात्र चौदा महिने लागले, आणि तोवर चौकटी करून देणाऱ्याचे पैसे थांबवणे त्याला बरे वाटले नाही.

‘मग लोकांकडून पैसे उभे करा, आता ते सोपे झाले आहे,’ असे अलीकडे समित्यांमध्येही ऐकू येते. किकस्टार्टर हे लोकवर्गणी गोळा करण्याचे संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू झाले तेव्हा मलाही तसेच वाटले होते, आणि त्यातून असंख्य कामे खरोखर उभी राहिली आहेत. तेथील नियम असा आहे की ठरवलेली पूर्ण रक्कम जमली तरच ती हाती येते, नाही तर काहीच मिळत नाही. आणि निम्म्याहून अधिक मोहिमा ती रक्कम गाठू शकत नाहीत. लोकवर्गणी ज्याच्याभोवती आधीच लोक जमलेले आहेत त्याच्या उपयोगी पडते. ज्याचे पहिले काम अजून कोणी पाहिलेलेच नाही त्याला लोकांकडे जा म्हणणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्याच अंगावर टाकणे होय. शिवाय मोहीम चालवणे हे महिनोन्महिने पूर्णवेळ करण्याचे काम आहे, आणि त्या वेळेचीही ओळ कोणी लिहीत नाही.

वेळेचे पैसे देऊन पाहिल्याची उदाहरणे जगात आहेत, आणि ती जुनीही आहेत. अमेरिकेत महामंदीच्या काळात १९३५ मध्ये फेडरल आर्ट प्रोजेक्ट सुरू झाला आणि तो १९४३ पर्यंत चालला. बेरोजगारांना काम देणे हा त्याचा मुख्य हेतू होता. श्रेष्ठ कलेचा शोध घेणे हा नव्हता. चित्रकारांना नियमित वेतन मिळे आणि ठरावीक मुदतीत काम जमा करावे लागे. जॅक्सन पोलॉक, ली क्रॅस्नर, मार्क रॉथको, जेकब लॉरेन्स ही मंडळी त्या वेतनावर होती, आणि तेव्हा त्यांची नावे बहुतेकांच्या कानावरही नव्हती. लॉरेन्सला तर प्रथम वय एकवीस पूर्ण नाही म्हणून परत पाठवण्यात आले होते, मग पुढे घेतले. पोलॉक १९३५ मध्ये तेविशीत होता, आणि ज्या रंग ठिबकवण्याच्या पद्धतीने आज जग त्याला ओळखते ती त्याने १९४७ मध्ये, म्हणजे ती योजना बंद होऊन चार वर्षे झाल्यावर, धरली. त्या योजनेच्या अखेरच्या अहवालात ही गोष्ट कुठल्या रकान्यात लिहिता आली असती? वेतन देणाऱ्यांनी त्याच्या भावी चित्रांसाठी पैसे मोजले नव्हते, त्यांनी त्याला रंगकामात ठेवले होते. मला अनेकदा वाटते की उमेदवारीच्या काळातील कलाकाराला देता येण्यासारखी याहून मोठी गोष्ट नाही.

अलीकडचे उदाहरण आयर्लंडचे आहे. तेथील सरकारने २०२२ मध्ये कलाकारांसाठी मूलभूत उत्पन्नाची पथदर्शी योजना सुरू केली : २००० जणांना दर आठवड्याला ३२५ युरो, तीन वर्षे. पात्र अर्जदार आठ हजारांहून अधिक होते. त्यांच्यातून निवड कलाकृती पाहून किंवा मुलाखत घेऊन झाली नाही, ती सोडतीने झाली. नुकतेच प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांनाही तिच्यात वेगळे स्थान होते. कोणता प्रकल्प पूर्ण करणार, असे कोणाला विचारले गेले नाही. पाहणीसाठी माहिती देत राहणे एवढीच अपेक्षा होती. ज्यांना ही रक्कम मिळाली ते न मिळालेल्यांच्या तुलनेत आपल्या कलेला अधिक तास देऊ लागले, असे तेथील पाहणीत दिसून आले. हे निष्पन्न अगदी साधे आहे, पण मला ते फार मोलाचे वाटते, कारण पैसे हातात आले की माणसे काम सोडून बसतील ही भीती आपण सगळेच कमी-अधिक प्रमाणात मनात बाळगून असतो.

जर्मनीने निराळा मार्ग धरला. तेथे १९८३ पासून स्वतंत्र कलाकार आणि लेखक यांच्यासाठी सामाजिक विम्याची व्यवस्था आहे. एरवी नोकरदाराच्या हप्त्याचा अर्धा वाटा मालक भरतो. या व्यवस्थेत कलाकार स्वतःचा अर्धा वाटा भरतो, आणि उरलेल्या अर्ध्यातील काही भाग सरकार भरते, तर काही त्यांच्या कामाचा उपयोग करणारे प्रकाशक, नाट्यगृहे, कलादालने इत्यादींकडून आकारणी करून उभा केला जातो. तिच्यातील एक बारीक तरतूद आपण सर्वांनी पाहावी असे मला वाटते : ठरावीक किमान उत्पन्नाखालील कलाकाराला एरवी या विम्यात प्रवेश नसतो, पण व्यवसायात नव्याने उतरलेल्याला पहिली तीन वर्षे ती अट लागू होत नाही. सुरुवातीची तीन वर्षे कमाई होणार नाही, हे ज्यांनी नियम लिहिला त्यांना ठाऊक होते, आणि त्यांनी ते कायद्यातच लिहून ठेवले.

आणि कॅनडा. तेथे १९६८ मध्ये जॅक चेंबर्स या चित्रकाराच्या पुढाकाराने कारफॅक ही दृश्यकलाकारांची संघटना उभी राहिली. चित्र प्रदर्शनात लावायचे असेल, त्याची प्रतिमा छापायची असेल, तर कलाकाराला मोबदला द्या, एवढीच तिची मूळ मागणी होती. वीस वर्षांनी, १९८८ मध्ये, तेथील स्वामित्वहक्क कायद्यात सार्वजनिक प्रदर्शनाचा हक्क समाविष्ट झाला. ही संघटना प्रदर्शनाच्या किमान मोबदल्याचे दर प्रसिद्ध करते. नवख्या कलाकाराला त्या दरपत्रकाचा सर्वांत मोठा उपयोग असा की त्याला तोंडाने काही मागावे लागत नाही, तो कागद पुढे करू शकतो. ‘प्रसिद्धी मिळेल ना’ या उत्तराला तोंड देण्याची ताकद पंचविशीतील मुलामुलींमध्ये नसते. ती आमच्यातही नव्हती.

यांतील एकही व्यवस्था जशीच्या तशी उचलून आणा, असे मी म्हणत नाही. प्रत्येकीची घडण वेगळ्या परिस्थितीत झाली आहे. पण कलाकाराचा वेळ हे काम आहे आणि त्या कामाला मोबदला असतो, हे या चारही ठिकाणी मान्य झाले. खरे तर जगातील बहुसंख्य देशांनी ते कागदोपत्री कधीच मान्य केले आहे. युनेस्कोने ऑक्टोबर १९८० मध्ये बेलग्रेड येथे कलाकारांच्या दर्जाविषयीची शिफारस स्वीकारली, तिच्यात कलाकाराची व्याख्या करताना तो कोणाच्या नोकरीत आहे की नाही हे बाजूला ठेवले आहे. जो निर्मिती करतो आणि त्या निर्मितीला आपल्या जीवनाचा आवश्यक भाग मानतो, तो कलाकार. त्या शिफारशीला चार दशके उलटून गेली तरी आपल्या अर्जांत ‘सध्याचा व्यवसाय’ या रकान्यात काय लिहावे, हा प्रश्न प्रत्येक नवख्याला पडतोच.

आता आपल्या बाजूने येणाऱ्या आक्षेपाकडे वळते, कारण तो खरा आहे. निधी मर्यादित असतो. प्रत्येक प्रकल्पात मानधन धरले तर दहा प्रकल्पांऐवजी कदाचित सातच होतील. मी हे नाकारत नाही, आणि पूर्ण विचारांती म्हणते की सातच करा. दहा जणांना अर्धवट उभे करून त्यांतील चौघे वाटेत बसले, तर ते आपल्या वार्षिक अहवालात दिसत नाही, पण त्या चौघांच्या आयुष्यात दिसते. न मिळालेल्या अनुदानामुळे माणूस निदान लवकर दुसरी वाट शोधतो. अपुऱ्या अनुदानात तो अडकतो, कर्ज काढतो, मित्रांना फुकट राबवतो, आणि प्रकल्प संपल्यावर त्या मित्रांना तोंड दाखवायला कचरतो. नाटकात हे मी फार जवळून पाहिले आहे. पहिल्या प्रयोगाला ज्या सात-आठ जणांनी विनामोबदला रक्त आटवले ते दुसऱ्या नाटकाला येत नाहीत. त्यांची माया आटलेली नसते, त्यांची सवड संपलेली असते, आणि प्रत्येक वेळी नव्याने माणसे जमवत राहिल्यामुळे कोणाचाच हात बसत नाही.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा आहे. सार्वजनिक किंवा न्यासाचा पैसा आहे, वेळेचा हिशेब कसा तपासणार? इतर सर्व कामांचा तपासतो तसाच. अर्जांची छाननी करणाऱ्याला वेतन असते, हिशेबतपासनिसाला शुल्क असते, उद्घाटनाची पत्रिका छापणाऱ्याला दर असतो, आणि ते तसेच असायला हवे. महिन्याला एक पानाचे टिपण आणि वर्षात दोन भेटी एवढ्यावर एखाद्याचे काम चालू आहे की नाही हे जाणकार माणसाला कळते. आपल्या समित्यांवर जाणकार माणसे आहेत.

अर्ज या गोष्टीकडेही याच नजरेने पाहावे अशी विनंती आहे. समजा एका फेरीला तीनशे अर्ज आले आणि दहा निवडले गेले. प्रत्येक अर्जाला पाच दिवस लागले असे धरले, आणि हा अंदाज कमीच आहे, तर तीनशे जणांचे मिळून दीड हजार दिवस त्या फेरीत खर्ची पडले, त्यांतील चौदाशे पन्नास दिवस ज्यांना काहीच मिळाले नाही त्यांचे होते. एवढ्या दिवसांत किती नाटके बसली असती, किती चित्रे झाली असती. पहिल्या फेरीला एक पान कल्पना आणि कामाचे दोन-तीन नमुने पुरेसे आहेत. सविस्तर अंदाजपत्रक, वेळापत्रक, संमतिपत्रे ही शेवटच्या वीस-पंचवीस जणांकडूनच मागावीत, आणि जमल्यास त्या टप्प्यावर अर्ज तयार करण्यासाठी अल्प मानधन द्यावे. शिवाय अर्जाची भाषा उमजणे हे स्वतंत्र कौशल्य झाले आहे. ‘प्रकल्पाचा अपेक्षित परिणाम’ या प्रश्नासमोर त्या शिल्पकार मुलीने चाळीस मिनिटे काढली आणि शेवटी जे लिहिले ते तिचे वाटतच नव्हते. आणि त्याच मुलीने त्याआधी मला, हाताने हवेत आकार काढत, आपल्या कल्पनेविषयी दहा मिनिटे इतके नेमके सांगितले होते की मला ते शिल्प जवळजवळ दिसले होते. लेखी उत्तराऐवजी बोलून केलेले ध्वनिमुद्रण चालेल, एवढी एक ओळ सूचनांमध्ये घातली तर किती जणांची वाट मोकळी होईल.

निवडीविषयी थोडेच सांगते. अमेरिकेतील मोठ्या वाद्यवृंदांनी १९७० च्या दशकापासून वादकांच्या निवडचाचणीत पडदा लावायला सुरुवात केली. पावलांच्या आवाजावरूनही वादक कोण याचा अंदाज येऊ नये म्हणून काही ठिकाणी वाटेवर गालिचा अंथरला गेला. दृश्यकला, लेखन, संगीत यांच्या पहिल्या फेरीत नावे, शिक्षणसंस्था आणि पूर्वी मिळालेली अनुदाने झाकून ठेवणे आपल्यालाही सहज शक्य आहे. आणि शेवटच्या फेरीत, जेथे पंधराव्या आणि सोळाव्या अर्जात फरक करणे कोणालाही प्रामाणिकपणे शक्य नसते, तेथे चिठ्ठी टाकण्यात कमीपणा मानू नये. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका अनुदानप्रकारात, निकषांना उतरलेल्या प्रस्तावांमधून सोडतीनेच निवड केली आहे.

हे मी का म्हणते याला आधार आहे. नेदरलँड्समध्ये तरुण वैज्ञानिकांच्या अनुदानांचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. निवडीच्या रेषेच्या किंचित वर राहिलेले आणि किंचित खाली राहिलेले, म्हणजे गुणांनी जवळजवळ सारखे असलेले संशोधक त्यात ताडून पाहिले. रेषेच्या वरच्यांना पुढील आठ वर्षांत खालच्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला. याचे एक कारण असे निघाले की खालच्यांनी पुढे अर्ज करणेच कमी केले. विज्ञानातील ही गोष्ट कलेलाही लागू पडते असे माझा अनुभव सांगतो. ‘आपला प्रस्ताव स्वीकारता येत नाही याचे आम्हाला वाईट वाटते’ हे पत्र मला सव्विसाव्या वर्षी आले तेव्हा मी ते माझ्या कलेविषयीचा निवाडा म्हणून वाचले, आणि तीन वर्षे कुठेही अर्ज केला नाही. त्या पत्रात ‘आपण अखेरच्या यादीत होता, पुन्हा अर्ज करावा’ एवढे एक वाक्य असते तर माझी ती तीन वर्षे वेगळी गेली असती. मी तेव्हा खरोखर अखेरच्या यादीत होते. हे मला फार उशिरा, एका परीक्षकाच्या तोंडून, ओघात कळले. शेवटच्या फेरीपर्यंत आलेल्या प्रत्येकाला दोन ओळींचे कारण कळवण्याला खर्च येत नाही.

वयाच्या अटीबद्दलही बोलले पाहिजे. ‘उदयोन्मुख’ याचा अर्थ ‘पस्तिशीच्या आतला’ असा करून आपण मोकळे होतो. मुले वाढवून चाळिशीत लिहायला बसलेली बाई, कारखान्यातील नोकरी सुटल्यावर लाकूडकोरणीकडे पूर्णवेळ वळलेला माणूस, हे त्यांच्या कलेत पहिल्या वर्षाचेच उमेदवार आहेत. व्यवसायात पाऊल टाकून किती वर्षे झाली हे विचारा, जन्मतारीख विचारू नका.

हे सगळे एकदम होणार नाही, याची मला कल्पना आहे. नियमावली बदलायला विश्वस्तांची बैठक लागते, शासकीय विभागात त्याहून बरेच काही लागते. पण अर्जाचा नमुना बदलायला एवढे लागत नाही. पुढच्या फेरीचा नमुना तयार होईल तेव्हा अंदाजपत्रकाच्या तक्त्यात सर्वांत वर, साहित्याच्याही आधी, ‘कलाकाराचे मानधन’ अशी ओळ छापावी. ती रिकामी ठेवता येणार नाही अशी सूचना तिच्याखाली द्यावी. आणि एकूण रकमेची मर्यादा ठरवताना ती ओळ धरूनच ठरवावी. समितीच्या बैठकीत कोणाला रक्कम कमी करावीशी वाटली तर प्रकल्पाचा आकार लहान करून घ्यावा, शिल्पे पाचाऐवजी तीन करावीत, प्रयोग दहाऐवजी सहा करावेत. त्या ओळीला हात लावू नये.

त्या मुलीचा अर्ज मंजूर झाला. ती आता दिवसा एका दुकानात काम करते आणि रात्री साचे करते. मुदतवाढीसाठी तिने आपल्यापैकीच एका संस्थेला पत्र पाठवले आहे. विलंबाचे कारण विचारणारा रकाना तिने रिकामा ठेवला आहे.

आपली नम्र,
एक नाट्यदिग्दर्शिका